नापास झाल्याचा निरोप कोणी द्यावा?

एप्रिल १९७४ मधील गोष्ट आहे. बेंगळुरूच्या चामराजपेट भागात आमचे बिऱ्हाड होते. वडील केंद्र सरकारच्या एका हिशेब कार्यालयात नोकरीला होते आणि दोन वर्षांपूर्वी त्यांची पुण्याहून बदली झाली होती. मी आठवीत होतो. नोव्हेंबर १९७३ मध्ये म्हैसूर राज्याचे नाव बदलून कर्नाटक झाले. त्याच शैक्षणिक वर्षात मी कन्नड विषयात नापास झालो.

निकालाच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यातील फलकावर एक टंकलिखित कागद लावलेला होता. त्यावर नापास मुलांची यादी नव्हती. उत्तीर्णांचे क्रमांक होते आणि त्यांत माझा क्रमांक नव्हता. मी तो कागद तीनदा वरून खाली वाचला. मग कारकुनाने खिडकीतून गुणपत्रक हाती दिले. गणितात ७१, कन्नडमध्ये २२. खाली पालकांच्या स्वाक्षरीसाठी एक ओळ होती. सही घेऊन ते जूनमध्ये शाळा उघडताना परत द्यायचे होते. मला कोणी रागावले नाही आणि कोणी जवळही बोलावले नाही. शाळेच्या दृष्टीने काम संपले होते. यापुढचे काम तेरा वर्षांच्या मुलाने करायचे होते.

कन्नड मला का जड गेले, हे महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या वाचकांना सांगायला नको. बोलायला मी गल्लीत शिकलो होतो. लिहिताना अडत होतो. मराठीला एकच ‘ए’ आणि एकच ‘ओ’ पुरतो. कन्नडमध्ये दोन म्हणजे ‘एरडु’ याचा ए र्‍हस्व आणि सात म्हणजे ‘एळु’ याचा ए दीर्घ. कानाला तो फरक कळायलाच मला वर्ष लागले. जोडाक्षरातले दुसरे अक्षर खाली लोंबत लिहायचे, तेही हाताला बसत नव्हते. हे सारे शिकण्यासारखे होते आणि पुढे मी ते शिकलो. आज कन्नड वर्तमानपत्राशिवाय माझी सकाळ पुरी होत नाही. तेव्हा मुलांना राज्यभाषा शिकवू नये, अशी माझी तक्रार आहे, असे कोणी समजू नये. माझी तक्रार त्या खिडकीपासून पुढे सुरू होते.

घरचा रस्ता कन्नड साहित्य परिषदेच्या इमारतीवरून जात असे. त्या दिवशी मी तो टाळला. बसवनगुडीत जाऊन ब्यूगल रॉकच्या खडकावर दिवेलागणीपर्यंत बसून राहिलो. घरी आई म्हणाली, “किती उशीर! निकाल लागला का रे?” मी म्हटले, “अजून नाही.” एवढे एक वाक्य बोलल्यावर पुढचे अकरा दिवस माझ्या हातात राहिले नाहीत. गुणपत्रक मी कन्नडच्याच पाठ्यपुस्तकाच्या खाकी कव्हरात सारून ठेवले.

रामनवमी नुकतीच होऊन गेली होती. फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर श्रीरामसेवा मंडळीचा संगीतोत्सव चालू होता. १९३९ पासून चालत आलेला हा उत्सव म्हणजे चामराजपेटेचा उन्हाळा. आई-अण्णांबरोबर मीही रोज मांडवात जाऊन बसत असे. शेजारचे कोणी मागे वळून पाहिले की पोटात खड्डा पडे. आता सांगावे, घरी जाताना सांगावे, उद्या सांगावे, असे करत रात्री सरल्या. सांगण्याची वाक्ये मी मनात शंभर वेळा जुळवली. प्रत्येक वाक्याच्या शेवटी अण्णांचा चेहरा येई आणि वाक्य तेथेच मोडे.

बाराव्या दिवशी अण्णांना ते कार्यालयात कळले. सहकाऱ्याचा मुलगा माझ्याच वर्गात होता. चहा घेताना त्याने सहज विचारले, “निम्म मग फेलंते?” कन्नड येणाऱ्यांना त्या वाक्यातल्या शेवटच्या ‘अंते’ची खोच कळेल. त्याचा अर्थ ‘म्हणे’. तुमचा मुलगा नापास झाला म्हणे? अण्णा संध्याकाळी घरी आले, बूटही न काढता पायरीवर बसले आणि एवढेच बोलले, “नापास झालास ते झालास. पण मला हे ‘म्हणे’ म्हणून का कळावं?” त्यांनी हात उगारला नाही. त्याचेच मला अधिक लागले.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी घडली. अण्णा मला घेऊन शाळेत गेले. तेथे त्यांना सांगण्यात आले की, एकाच विषयात नापास झालेल्या मुलाला जूनमध्ये फेरपरीक्षा देता येते. मात्र पालकांचा अर्ज निकालापासून सात दिवसांत यावा लागतो. मुदत चार-पाच दिवसांपूर्वी संपली होती. अण्णांनी विचारले, हा नियम मुलाला सांगितला होता का? उत्तर आले की, मुलांनी विचारायचे असते. अण्णा स्वतः नियमांत वाढलेले. त्यांनी वाद घातला, विनंतीही केली. पण मुदत ती मुदत. मी आठवीचे वर्ष पुन्हा काढले.

त्या वर्षाचा दोष मी बराच काळ माझ्या अकरा दिवसांच्या भित्रेपणाला देत होतो. पुढे पस्तीसएक वर्षे मी शासनात काढली. आदेश कसे काढावेत, कसे बजावावेत, अपिलाची मुदत केव्हापासून मोजावी, यांतच ती गेली. तेव्हा हळूहळू लक्षात आले की त्या प्रकरणात दोन नापास होते आणि गुणपत्रक त्यांपैकी एकालाच मिळाले होते.

आता प्रशासनाच्या भाषेत बोलू. वार्षिक परीक्षेचा निकाल हा एक निर्णय असतो. तो अधिकार असलेली संस्था घेते आणि तो एका नागरिकाचे एक वर्ष काढून घेऊ शकतो. असा निर्णय कोणा प्रौढाविरुद्ध घ्यायचा तर आपण किती काळजी घेतो ते पाहा. केंद्रीय कर्मचाऱ्याला शिक्षा झाली तर १९६५ च्या शिस्त व अपील नियमांनुसार त्याला अपिलासाठी ४५ दिवस मिळतात आणि ते आदेशाची प्रत त्याच्या हाती पडल्यापासून मोजले जातात. फलकावर कागद डकवल्यापासून नव्हे. गोपनीय अहवालातील नोंदींचे असेच. पूर्वी फक्त प्रतिकूल शेरे कळवले जात. २००८ साली देवदत्त विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध म्हणणे मांडता येईल. ‘चांगला’ असा शेरासुद्धा ‘अति उत्तम’ हवा असलेल्या अधिकाऱ्याला रीतसर कळवायचा, आणि ‘नापास’ हा शेरा मात्र आठवीतल्या मुलाने फलकावर आपला क्रमांक नाही यावरून ओळखायचा!

दिवाणी प्रक्रिया संहिता आणखी बोलकी आहे. प्रतिवादी घरी नसेल तर समन्स त्याच्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीच्या हाती द्यावे लागते. दार उघडणाऱ्या लहान मुलाच्या हाती ते देऊन चालत नाही. ते कागद पुढे देईलच, याचा कायदा भरवसा धरत नाही. घरभाड्याच्या दाव्याचा कागद ज्याच्या हाती विश्वासाने देता येत नाही, त्या मुलाला आपण त्याच्याच शिक्षेचा बेलिफ करतो. त्याने स्वतःविरुद्धचा हुकूम स्वतःच्या घरी, स्वतःच्या तोंडाने बजावायचा, पोच म्हणून वडिलांची सही आणायची, आणि बजावणीस उशीर झाला तर त्याचा दंडही त्यानेच भरायचा.

मे २०२५ मध्ये बागलकोटमधील एक मुलगा दहावीच्या सहाही विषयांत नापास झाला आणि त्याच्या आई-वडिलांनी केक आणून त्याला धीर दिला. बातमी देशभर गेली. आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत त्यावर बराच खल झाला. बहुतेकांनी नाके मुरडली. “आमच्या वेळी केक नव्हे, छडी मिळाली असती,” असे एक सुशिक्षित गृहस्थ अभिमानाने म्हणाले. त्यांचा पुढचा मुद्दा विचारात घेण्याजोगा होता. त्यांच्या मते, आपले अपयश आई-वडिलांसमोर उभे राहून सांगणे हीच मुलाची खरी परीक्षा; तो निरोप शाळेने दिला तर मुले पळपुटी होतील.

हे म्हणणे ऐकायला उमदे आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. धैर्य अंगी यावे, हे मान्य. पण धैर्य मागण्यापूर्वी माणसाच्या हातात काहीतरी द्यावे लागते. माझ्याकडे त्या दिवशी काय होते? २२ हा आकडा. तो का आला, उत्तरपत्रिकेत काय चुकले, पुढे काय करता येईल, हे मला ठाऊक नव्हते. ‘मी नापास झालो’ या वाक्यानंतर दुसरे वाक्य माझ्यापाशी नव्हते. ‘मी नापास झालो, पण जूनमध्ये फेरपरीक्षा आहे आणि शुक्रवारपर्यंत अर्ज द्यायचा आहे’ हे वाक्य असते तर मी त्याच संध्याकाळी बोललो असतो, असे मला आजही वाटते. ते दुसरे वाक्य देणे हे शाळेचे काम होते. सैनिकाला दारूगोळा न देता शौर्याची अपेक्षा करणाऱ्या सेनापतीला आपण कठोर म्हणत नाही, बेजबाबदार म्हणतो.

धैर्यवाद्यांना आणखी एक विचारावेसे वाटते. ज्या रेषेच्या खाली राहिल्याची शरम मुलाने धैर्याने सोसायची, ती रेषा इतकी पवित्र आहे काय? महाराष्ट्रातील दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा विषयांचे अंतर्गत गुण बंद झाले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के झाला. इतर कारणेही असतील. पण एका वर्षात राज्यातली मुले मूर्ख होतात आणि दुसऱ्या वर्षी शहाणी होतात, असे कोणी म्हणणार नाही. नियम बदलला होता. कर्नाटकात २०२३ चा दहावीचा निकाल ८३.८९ टक्के होता. २०२४ मध्ये परीक्षागृहांत कॅमेरे लावून देखरेख कडक झाली; निकाल इतका खाली आला की कृपागुण वाढवावे लागले, आणि तरीही तो ७३.४० टक्केच भरला. नियम करणाऱ्यांत मीही होतो, म्हणून सांगतो: ही रेषा एका बैठकीत ठरते. चहा येतो, तक्ते फिरतात, कोणी म्हणते ‘जरा वर घेऊ’, कोणी म्हणते ‘खाली’. त्यानंतर लाखो घरांत त्या संध्याकाळी काय बोलले जाते, याची टिपणी कोणी ठेवत नाही.

रेषाच काय, रेषेवरचा हिशेबही चुकतो. एप्रिल २०१९ मध्ये तेलंगणात इंटरमीजिएटचे निकाल लागले. एका मुलीला तेलुगूत शून्य मिळाले होते. तपासल्यावर ते ९९ निघाले. सरकारला सर्व नापास मुलांच्या उत्तरपत्रिका विनामूल्य पुन्हा तपासाव्या लागल्या आणि हजाराहून अधिक मुले उत्तीर्ण ठरली. तोवर वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी जीव दिला होता. त्यांचे निकाल बरोबर होते की चूक, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. निकाल बरोबर असता तरी तो असा, एकट्या मुलाच्या हाती, घरी पोचवायला द्यायचा नव्हता. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नोंद आहे. परीक्षेतील अपयश हे कारण म्हणून नोंदलेले मृत्यू, सर्व वयांचे धरून, दोन हजारांहून अधिक होते. एवढ्या मोठ्या दुःखाला एकच कारण नसते, हे मी जाणतो. पण निकाल लागणे आणि घरी सांगणे यांमधल्या काही तासांत शासन कोठे असते, हे विचारण्याचा अधिकार त्या आकड्यांनी आपल्याला दिला आहे.

शासनाने काही केलेच नाही, असे म्हणता येणार नाही. जे केले ते मात्र नेमक्या प्रश्नाच्या आजूबाजूला केले.

पहिला उपाय शब्दाचा. महाराष्ट्रात दहावीच्या गुणपत्रिकेवरून ‘नापास’ हा शेरा गेला आणि त्या जागी ‘फेरपरीक्षेस पात्र’, ‘कौशल्य विकासास पात्र’ असे शब्द आले. हेतू चांगला होता. पण घरी आई विचारते ते एवढेच, ‘पास झालास ना?’ त्याला ‘मी कौशल्य विकासास पात्र झालो’ असे उत्तर देणारा मुलगा मला अजून भेटायचा आहे. शब्द गेला तरी त्याची जागा घरोघर तशीच असते. त्या काळात झालेली खरी सुधारणा वेगळीच होती आणि तिची स्तुती कमी झाली. २०१५ पासून महाराष्ट्रात दहावीची फेरपरीक्षा लगेच जुलैत घेतली जाऊ लागली, त्यामुळे वर्ष वाचू लागले. कर्नाटकात २०२४ पासून दहावीला एकाच वर्षात तीन परीक्षा देता येऊ लागल्या आणि त्यांतले सर्वोत्तम गुण धरले जाऊ लागले. मुलाला हवे असलेले दुसरे वाक्य ते हेच. पण ते वाक्य निकालाच्या क्षणी, मुलाला आणि पालकांना एकत्र, कोणी माणूस सांगतो का? परिपत्रकात छापलेले असते, एवढे खरे.

दुसरा उपाय यंत्राचा. आता निकाल मोबाइलवर येतो. अनेक शाळा पालकांना थेट संदेश पाठवतात. माझे काही तरुण सहकारी म्हणतात, ‘सर, तुमचा प्रश्न तंत्रज्ञानाने सुटला, मुलाला सांगावेच लागत नाही.’ मला वाटते, तो सुटला नाही, उलटला. पूर्वी मुलाला आधी कळे आणि वडिलांना उशिरा. आता वडिलांना कार्यालयात आधी कळते आणि मूल घरी येते ते निकाल लागलेल्या कोर्टात. माझ्या अण्णांना निरोप ‘म्हणे’ म्हणून मिळाला. आताच्या वडिलांना तो टिंग असा वाजून मिळतो. दोन्हींत मुलाचे म्हणणे कोणी ऐकलेले नाही. आदेश पोचवणे वेगळे आणि बाजू ऐकणे वेगळे, हे प्रशासनात पहिल्या वर्षी शिकवतात.

तिसरा उपाय नापास न करण्याचा. शिक्षण हक्क कायद्याने १ एप्रिल २०१० पासून आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवण्यास बंदी केली. २०१९ च्या दुरुस्तीने ती सैल झाली. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा, फेरपरीक्षा आणि त्यातही न जमल्यास त्याच वर्गात ठेवण्याचा नियम केला. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने आपल्या शाळांसाठी, म्हणजे बदलीच्या नोकरीतील आपल्यासारख्यांची मुले ज्या केंद्रीय विद्यालयांत जातात त्यांच्यासाठीही, तसेच नियम काढले. नापास करावे की करू नये, यावर मोठा वाद आहे आणि दोन्ही बाजूंना अभ्यासू माणसे आहेत. मी त्यात पडत नाही. मी फक्त केंद्राच्या त्या नियमांतील दोन शब्दांकडे बोट दाखवतो. मुलाला मागे ठेवल्यास वर्गशिक्षकाने मुलाला, आणि ‘आवश्यक असल्यास’ पालकांना, मार्गदर्शन करावे, असे त्यात म्हटले आहे. मसुदे लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ‘आवश्यक असल्यास’ या शब्दांचे भविष्य ठाऊक असते. जे करायचे नाही त्याच्यापुढे ते लिहितात. मूल नापास झाल्यावर पालकांशी बोलणे आवश्यक नसेल, असे कोणते घर नियमकर्त्यांच्या डोळ्यांपुढे होते? ते दोन शब्द काढून टाकले तरी अर्धे काम होईल.

उरलेल्या अर्ध्यासाठी पैसा लागत नाही, पद्धत लागते. माझ्या मते ती अशी असावी:

१) निकाल फलकावर किंवा मोबाइलवर येण्यापूर्वी प्रत्येक नापास मुलाला वर्गशिक्षकाने एकट्याला बोलावून सांगावा. उत्तरपत्रिका पुढ्यात ठेवूनच सांगावा. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी मान्य केला आहे. तो माहिती अधिकाराचा अर्ज करून मिळवण्याऐवजी शाळेनेच आपण होऊन द्यावा.

२) त्यानंतर दोन दिवसांच्या आत पालकांना बोलवावे. मूल त्या बैठकीत हजर असावे आणि पहिले बोलणे त्याचे असावे. शेजारी शिक्षक बसलेले असताना सांगितलेले अपयशही धैर्यानेच सांगितलेले असते.

३) फेरपरीक्षा, तिची मुदत, शुल्क आणि तयारीचे वर्ग एका कागदावर, घरी वाचता येईल अशा भाषेत लिहून द्यावे. बेंगळुरूत ते कन्नड व इंग्रजीत असते. जेथे मराठी, उर्दू, तमिळ घरे आहेत तेथे त्या भाषांत देणे अवघड नाही. हेच पुण्यातल्या कन्नड घरालाही लागू आहे. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने कन्नड आणि महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने मराठी शाळांत सक्तीची झाली. ज्या भाषेत मूल नापास झाले, त्याच भाषेत त्याच्या आईला नियम समजावणे हा क्रूर विनोद आहे.

४) अर्जाची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजू नये. या बैठकीच्या तारखेपासून मोजावी. बैठक झाली नसेल तर मुदत सुरूच झाली नाही, असे धरावे. या एका कलमाने शाळा आपोआप बैठका घेऊ लागतील.

५) मूल घरी सांगायला फार घाबरले आहे, असे दिसले तर त्याला त्या दिवशी एकटे पाठवू नये. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक गुणपत्रकावरच छापावा. या सेवेचे मुख्य केंद्र बेंगळुरूतील निम्हान्स आहे; चामराजपेटेतून तेथे शहरबसने जाता येते. इतक्या जवळची मदत गुणपत्रकापर्यंत पोचलेली नाही.

शिक्षकांना एवढा वेळ कोठे, असा आक्षेप येईल. जनगणना, मतदारयाद्या आणि पोषण आहाराच्या नोंदी यांसाठी आम्ही अधिकाऱ्यांनी त्यांचा वेळ बिनदिक्कत घेतला आहे. साठ मुलांच्या वर्गात पाच-सहा नापास झाली तर प्रत्येकी अर्धा तास धरून दोन दिवसांचे काम होते. ते जमत नसेल, तर काय काढून टाकायचे ते शिक्षकांनाच विचारावे. यादी तयार मिळेल.

‘पालकांनी समजून घ्यायला हवे’ हा आमच्या खात्यांचा आवडता उपदेश आहे. तो खोटा नाही, पण सोयीचा आहे. पालकांनी समजून घ्यावे असे म्हटले की शाळेला आणि मंडळाला समजावून सांगावे लागत नाही. शिवाय पालकांना आपण कोणता रिवाज दिला आहे? महाराष्ट्रात १ मेच्या सुमाराला निकाल लागतो. पास झाल्यावर काय करायचे, हे प्रत्येक घराला ठाऊक असते. देवापुढे पेढे ठेवायचे, शेजारी द्यायचे, मामाला पत्र किंवा फोन करायचा. नापास झाल्यावर काय करायचे याचा एकही विधी आपल्या संस्कृतीत नाही. म्हणून कोणी छडी शोधते आणि कोणी केक. बागलकोटच्या त्या घराने आपल्या समजुतीने एक विधी निर्माण केला. केक योग्य की अयोग्य हे मी ठरवणार नाही. पण त्या घरात मुलाला सांगायला भीती वाटली नसावी, एवढे नक्की. नाके मुरडणाऱ्यांपैकी कितीजणांना आपल्या घराबद्दल हे म्हणता येईल?

परदेशी असलेल्या वाचकांना वाटेल की हे सारे मागे राहिलेल्या देशाचे दुखणे आहे. तसे नाही. इंग्लंडमध्ये ए-लेव्हलचा निकाल ऑगस्टमध्ये लागतो त्या दिवशी मुले शाळेत जातात, तेथे शिक्षक हजर असतात आणि हवी ती जागा हुकली तर दुसरी शोधण्याची व्यवस्था त्याच दिवशी चालू असते. हे घेण्यासारखे आहे. अमेरिकेत मात्र १९७४ च्याच एका कायद्याने, मूल अठरा वर्षांचे झाले किंवा महाविद्यालयात गेले की, त्याच्या गुणांच्या नोंदीवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. काही अपवाद सोडता विद्यापीठ त्याच्या संमतीशिवाय पालकांना गुण कळवत नाही. सज्ञान मुलाच्या खासगीपणाचा तो आदर आहे आणि तो योग्यही आहे. पण न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत त्याचा अर्थ असा होतो की विषय राहिल्याचा निरोप देणारा एकटा मुलगाच उरतो आणि सत्र संपून सुटीला घरी येईपर्यंत कोणाला काही कळत नाही. ज्या कुटुंबाने मुलाच्या शिक्षणासाठी देश सोडला, तेथे हे सांगणे आमच्या चामराजपेटेपेक्षा सोपे नसेल. तेथे शाळेला सांगून भागणार नाही. दुसरे वाक्य घरानेच आधी देऊन ठेवावे लागेल. ‘काही राहिले तर आधी आम्हाला सांग, मग पुढचे मिळून पाहू’ हे सप्टेंबरात सांगावे. डिसेंबरात त्याचा उपयोग नाही.

इतरांना इतके सुनावल्यावर माझाही हिशेब द्यायला हवा. मी जिल्ह्यात असताना दरवर्षी दहावीच्या निकालाचा आढावा घेत असे. कोणत्या तालुक्याची टक्केवारी घसरली, कोणत्या शाळेचा निकाल शून्य लागला, कोणाला नोटीस द्यायची, हे सारे विचारत असे. निकालाच्या संध्याकाळी नापास मुलांच्या घरी कोण गेले, हा प्रश्न मी एकाही बैठकीत विचारला नाही. ज्याने स्वतः अकरा दिवस गुणपत्रक लपवले होते, त्यालाही खुर्चीवर बसल्यावर तो सुचला नाही. आज या खुर्च्यांवर जे बसले आहेत, त्यांनी पुढच्या निकालाच्या आढाव्यात हा एक प्रश्न विचारावा, एवढ्यासाठी हा लेख.

ते गुणपत्रक अजून माझ्याजवळ आहे. मुदत गेल्याचे कळल्यावर शाळेतून परत येताना अण्णा कन्नड साहित्य परिषदेच्या फाटकापाशी थांबले. पाटीवरची अक्षरे त्यांनी मला वाचायला सांगितली. मी अडखळत वाचली. ते म्हणाले, “मलाही येत नाही. उद्यापासून दोघं बसू.” घरी आल्यावर त्यांनी गुणपत्रकावर सही केली आणि खाली त्या दिवसाची तारीख घातली. निकालाची तारीख वर छापलेली आहे. दोन्ही तारखांमध्ये बारा दिवसांचे अंतर आहे.